पायलटवाली चामड्याची कानटोपी: एक नकली, एक असली, दोन्हींचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकते, मी काही विमानवाली बाई नाही. मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे दिवसभर लोकांचे कान तपासायचे, हिअरिंग एड लावून द्यायची आणि आजोबांना सहाव्यांदा सांगायचं की बॅटरी उलटी घातलीय. गेली अकरा वर्षं इंग्लंडात पीटरबरोच्या जवळ राहतेय आणि या भागात कुठेही फिरायला जा, शेतात मधेच तुटकी काँक्रीटची पट्टी दिसते, की समजायचं दुसऱ्या महायुद्धातलं एअरफील्ड. त्यामुळे आवड नसली तरी विमानं हळूहळू डोक्यात शिरतातच. माझ्या डोक्यात ती कानातून शिरली.

झालं असं की चाळिसाव्या वाढदिवसाला नवऱ्याने टायगर मॉथची राइड गिफ्ट दिली. टायगर मॉथ म्हणजे ते एकावर एक दोन पंखांचं उघडं विमान, १९३१ साली पहिल्यांदा उडालं, पुढे युद्धात हजारो पायलट यावरच शिकले. आता उघड्या विमानात बसायचं तर फोटो यायला पाहिजे ना, म्हणून मी ऑनलाइन एक चामड्याचं फ्लाइंग हेल्मेट मागवलं. ४२ पाउंड, म्हणजे आपले साडेचार-पाच हजार. वर्णनात लिहिलेलं 'अस्सल लेदर, दुसऱ्या महायुद्धाच्या आरएएफ पायलटसारखं, फ्री साइज' (आरएएफ म्हणजे ब्रिटनचं हवाई दल). फ्री साइज वाचूनच मला कळायला हवं होतं, कारण कानाशी संबंधित कुठलीच गोष्ट फ्री साइज नसते, हे मी रोज पेशंटना सांगते.

पार्सल फोडलं तर पहिल्यांदा वास आला. नव्या चपलांच्या दुकानात येतो ना, तसला केमिकलवाला, चामड्याचा कमी आणि सोल्यूशनचा जास्त. बाहेरून दिसायला छान, चकचकीत चॉकलेटी. आत मात्र पॉलिएस्टरची फर, ती पण पांढरीशुभ्र, सॉफ्ट टॉयच्या पोटातली असते तशी. कानाच्या जागी दोन गोल फुगीर चकत्या शिवलेल्या. दाबून बघितलं तर आत फोम. बस्स. बाकी काही नाही. ना खाच, ना खिसा, ना भोक. मागे गॉगलचा पट्टा अडकवायची पट्टी आहे पण तिचं बटण दुसऱ्यांदा लावताना हातात आलं. हनुवटीचा पट्टा माझ्या गळ्यात लोंबत होता, नवऱ्याला घालून बघितला तर त्याला बसेना, म्हणजे फ्री साइज याचा अर्थ कुणालाच न बसणारी साइज. आणि अर्धा तास घालून घरात फिरले तर कपाळावर काकवीच्या रंगाचा आडवा पट्टा उमटला, तो साबणाने पण जाईना. दुसऱ्या दिवशी क्लिनिकमध्ये रिसेप्शनिस्टने विचारलं की कुठे लागलं का.

तरी मी ते घेऊन गेले एअरफील्डवर, हौस मोठी.

तिथला माणूस भला होता. माझं हेल्मेट हातात घेतलं, चकती दाबली, हसला आणि म्हणाला फोटो काढायचा तेवढा काढून घ्या पण वर जाताना आमचंच घालावं लागेल. मी म्हटलं का, हे पण लेदरचंच आहे की. तर तो म्हणाला, यात मी बोललेलं तुम्हाला ऐकू कसं येणार? आणि मग त्याने त्यांचं हेल्मेट दिलं, वापरून वापरून मळकं झालेलं, पण कानाच्या जागी आत नीट बसवलेले इअरफोन, तोंडाशी माइक आणि बाहेर लोंबणारी वायर. ते घट्ट होतं, इतकं घट्ट की गालफडं वर आली. टायगर मॉथमध्ये पॅसेंजर पुढे बसतो आणि पायलट मागे, त्यामुळे तो दिसत पण नाही. इंजिन सुरू झालं, तोंडावर वारा असा आला की डोळे उघडे ठेवायची सोय नाही, खाली गव्हाची शेतं, आणि त्या सगळ्या गोंगाटात त्याचा आवाज शांतपणे माझ्या कानात, की आता डावीकडे वळतोय, पंखाखाली बघा. मी खाली बघितलंच नाही नीट. मी विचार करत होते की कानाभोवतीचं हे सील, बाहेरचा आवाज आत न येऊ देणारं, किती सुंदर बसलंय.

तेव्हा ट्यूब पेटली. या वस्तूला आपण हेल्मेट म्हणतो, शुद्ध मराठीत शिरस्त्राण, पण शिराचं त्राण ती काही करतच नाही! नुसतं पातळ चामडं, डोकं आपटलं तर आपटलं. हे कर्णत्राण आहे. डोकं मधे आहे ते फक्त दोन कान जागेवर धरायला. आणि मी ज्याचे ४२ पाउंड मोजले त्यात बाकी सगळं होतं आणि कानच नव्हता. आमच्या कोकणात म्हणतील तसं, नारळ दिसायला झकास आणि आत खोबरं नाही.

मग मला नाद लागला. खरं हेल्मेट बघायचंच. लंडनला हेंडनच्या आरएएफ म्युझियममध्ये दोन रविवार घालवले, तिथे काचेमागे सगळी मांडलेली आहेत आणि लोक स्पिटफायर या लढाऊ विमानापुढे सेल्फी काढतात आणि मी टोप्यांच्या कपाटापुढे नाक लावून उभी.

सुरुवात बघा कशी आहे. पहिल्या महायुद्धात वारा आणि थंडीपासून बचाव म्हणून चामड्याची टोपी घालायचे, तेवढंच काम. पण शिकवणाऱ्याला शिकणाऱ्याशी बोलायचं कसं, उघड्या विमानात ओरडून काही उपयोग नाही. तर १९१७ मध्ये गॉसपोर्टला रॉबर्ट स्मिथ-बॅरी नावाच्या माणसाने वैमानिक शिकवायची नवी पद्धत सुरू केली आणि तिथून ती गॉसपोर्ट ट्यूब आली. म्हणजे काय, तर सरळ रबरी नळी, इकडे बोलायचं नरसाळं आणि तिकडे विद्यार्थ्याच्या हेल्मेटच्या दोन्ही कानांत टोकं. स्टेथोस्कोपच की! आमच्या धंद्यातली वस्तू. वीज नाही, बॅटरी नाही आणि तरी चालायची, दुसऱ्या महायुद्धात टायगर मॉथवर हीच होती.

मग १९३० च्या दशकात आरएएफचं बी टाइप आलं. बॅटल ऑफ ब्रिटनच्या, म्हणजे १९४० च्या उन्हाळ्यात जर्मन विमानांशी ब्रिटनच्या आकाशात झालेल्या लढाईच्या फोटोंत, गवतावर आरामखुर्च्या टाकून बसलेले पायलट असतात ना, त्यांच्याकडे जास्त करून हेच. ओळखायची खूण सोपी, कानावर मोठे गुबगुबीत चेनवाले खिसे. चेन उघडायची, आत टेलिफोनचा रिसीव्हर बसवायचा, चेन लावायची. दिसायला रुबाबदार पण अवजड. आणि मग १९४१ मध्ये सी टाइप आलं, त्यात चेन-बिन सगळं गेलं आणि कानावर काळ्या रबराचे वाटीसारखे कप आले, त्यात रिसीव्हर गच्च बसतो. युद्ध संपेपर्यंत आणि नंतरही कितीतरी वर्षं हेच चाललं. मला विचाराल तर बी टाइप सुंदर आहे पण डिझाइन सी टाइपचं भारी. फॅशनवाले नेमकं उलट म्हणतील आणि म्हणून बी टाइपची किंमत ऐकून मला घाम फुटला.

खरं सी टाइप मला मिळालं एका एअरोजंबलमध्ये. एअरोजंबल म्हणजे आपल्या पुण्याच्या जुन्या बाजाराचा विमान सेक्शन समजा. शेडमध्ये टेबलं, टेबलावर घड्याळं, नट-बोल्ट, तुटके प्रोपेलर, कुणाचा तरी गणवेश, आणि मागे थर्मास घेऊन बसलेली सत्तरीची मंडळी. एका टेबलावर हेल्मेट होतं, २६० पाउंड सांगितले. विक्रेता म्हणाला मॅडम हे बॅटल ऑफ ब्रिटनचं आहे, एका फायटर पायलटच्या घरातून आलंय. मी आतलं बघितलं, रबरी कप, बाहेरून जाणारी वायर. मी म्हटलं काका, हे सी टाइप आहे, ते आलंच १९४१ मध्ये, आणि बॅटल ऑफ ब्रिटन संपली १९४० च्या ऑक्टोबरला. काकांचा चेहरा असा झाला की मला वाईटच वाटलं, पण २६० चे २१० झाले. अशी गोष्ट ऐकवली की भाव वाढतो हे मंडईत पण चालतं आणि इथे पण. हापूस सांगून कर्नाटकचा आंबा देणारे काय कमी बघितलेत का आपण. तर पहिला सल्ला हाच की गोष्ट विकत घेऊ नका, वस्तू विकत घ्या.

आता वस्तू. हातात घेतलं की पहिल्यांदा वजन जाणवतं, आणि ते सगळं वजन कानांत आहे, चामडं नुसतं मधलं फडकं. चामडं मॅट, गडद तपकिरी, शिरा दिसतात, शिवण बारीक आणि दुहेरी. आत शॅमॉय म्हणजे ते मऊ पिवळसर चामडं, गाडी पुसायला वापरतात ते, माशाच्या तेलात कमावलेलं. कपाळाच्या आणि मानेच्या जागी ते काळंकुट्ट झालंय. आधी मला वाटलं घाण, मग लक्षात आलं हे कुणाच्या तरी घामाचं आणि केसांच्या तेलाचं आहे. आरएएफवाल्यांना त्या काळी चेष्टेत, केसांना लावायच्या क्रीमवरून, ब्रिलक्रीम बॉइज म्हणायचे, तर ते हे ब्रिलक्रीम. आमच्या आजोबांच्या आरामखुर्चीला डोकं टेकायच्या जागी अगदी असाच डाग होता. वास मात्र गोड नाही, जुन्या लोखंडी ट्रंकेचा आणि डांबरगोळ्यांचा.

आत शिक्का आहे, मुकुट आणि खाली ए एम, म्हणजे एअर मिनिस्ट्री. साइज ३. आणि नंबर सुरू होतो २२सी ने. आणि रिसीव्हरवर जो नंबर आहे तो १०ए ने. यात गंमत आहे, २२सी म्हणजे भांडारातला उड्डाणाच्या कपड्यांचा विभाग आणि १०ए म्हणजे वायरलेसच्या सामानाचा. म्हणजे सरकारी कागदावर ही एक वस्तू नाहीच, अर्धी कपडे आणि अर्धी रेडिओ! मला हे कळल्यावर इतका आनंद झाला की मी नवऱ्याला रात्री अकराला उठवून सांगितलं, त्याला झाला नाही.

पट्ट्यांबद्दल थोडं. हनुवटीखाली बकलवाला पट्टा, गालाजवळ ऑक्सिजनचा मास्क अडकवायची बटणं, मागे गॉगलचा पट्टा आणि वायर धरून ठेवायच्या छोट्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीला काम आहे. माइक मास्कमध्ये असायचा, त्याला चालू-बंद करायचा खटका, म्हणजे मास्क सैल तर ऑक्सिजन पण गळणार आणि बोलणं पण गळणार. म्हणून हेल्मेट एकदम फिट पाहिजे आणि म्हणून साइज १ ते ४. पुण्यात कॉलेजला असताना आम्ही पोरी स्कूटीवर स्कार्फ बांधायचो ना, नुसते डोळे बाहेर, तसंच काहीसं. आणि खरं सांगते, तेव्हा हेल्मेटसक्तीविरुद्ध मी पण तावातावाने बोललेली आहे. आता रोज कान बघते तेव्हा डोक्याचे एक्स-रे पण बघावे लागतात, त्यामुळे गप्प बसते. तर ते नकली हेल्मेट विकणाऱ्या साइटवर लोकांनी बाइकवर घालून फोटो टाकलेत, कृपा करून असलं काही करू नका, नकली काय आणि असली काय, दोन्ही अपघातात शून्य. कानटोपी आहे ती.

मग एवढं महत्त्व कशाला, तर लँकॅस्टरचं उदाहरण घ्या. बॉम्बर विमान, चार मर्लिन इंजिनं, सात माणसं, काही जण पुढे, तर गनर पार मागे, मधे अंधार. शेजारच्या माणसाच्या कानात ओरडलं तरी ऐकू येणार नाही असा आवाज. शेपटीत बसलेला गनर तर तासन्‌तास एकटा, उणे तीस-चाळीस डिग्रीत. गरम हवेचं तोंड वायरलेसवाल्याच्या जवळ, तो बिचारा उकडून निघायचा आणि बाकीचे गारठायचे (हे वाचून मला आमच्या ऑफिसचा एसी आठवला). दहा हजार फुटांच्या वर ऑक्सिजन लागतो आणि तो तुटला तर माणसाला कळत पण नाही, उलट छान वाटायला लागतं आणि मग शुद्ध जाते. मग पायलट काय करायचा, तर मधेमधे इंटरकॉमवर एकेकाला हाक मारायचा. गनर, ठीक आहेस ना? उत्तर आलं तर जिवंत. उत्तर नाही आलं तर कुणीतरी सुटा ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन अंधारात मागे सरपटत जायचं. तो 'ठीक आहे' एवढा शब्द ज्या दोन इंच रबरातून यायचा ना, ते माझ्या डायनिंग टेबलावर पडलंय सध्या. बॉम्बर कमांडची, म्हणजे आरएएफच्या बॉम्बर विमानांच्या दलाची, ५५ हजारांवर माणसं गेली त्या युद्धात. मला तो आकडा डोक्यात मावत नाही पण हाक मारली आणि उत्तर नाही आलं, हे मावतं.

चामडं अगदीच बिनकामाचं होतं असं पण नाही हं. आगीत ते उपयोगी पडायचं. स्पिटफायर-हरिकेनसारख्या लढाऊ विमानांत पेट्रोलची टाकी पायलटच्या पुढ्यातच, पेटली की ज्वाळा थेट तोंडावर. हेल्मेट, गॉगल, मास्क, ग्लोव्हज सगळं चढवलेलं असेल तर बरंच वाचायचं. पण नीट दिसत नाही म्हणून गॉगल वर सारलेला, नाहीतर पकड येत नाही म्हणून ग्लोव्हज काढलेले, की पापण्या आणि बोटं जायची. ईस्ट ग्रिनस्टेडच्या हॉस्पिटलमध्ये आर्किबाल्ड मॅकिंडो नावाचे सर्जन अशा भाजलेल्या पोरांचे चेहरे नव्याने उभे करायचे, आणि त्या पेशंटनीच १९४१ मध्ये स्वतःचा क्लब काढला, नाव ठेवलं गिनी पिग क्लब, म्हणजे ज्यांच्यावर प्रयोग करतात ते प्राणी. स्वतःवर असं हसायला जिगर लागते.

पण आपटण्यापासून संरक्षण हवं तर वेगळंच काहीतरी लागायचं, आणि अमेरिकन लोकांनी ते केलं. त्यांच्या बॉम्बरमधले गनर चामड्याच्या टोपीवर लोखंडी टोप घालायचे. साधा सोल्जरचा टोप बसेना, का, तर कानावरचे इअरफोन मधे येतात! मग टोपाला कानाच्या जागी कापलं आणि वर बिजागरीने लोखंडी झडपा लावल्या. बघा परत, कान आधी आणि डोकं नंतर. जर्मनांची तऱ्हा वेगळी, त्यांचा माइक तोंडाशी नाही, गळ्याला बांधायचा, घशाच्या दोन्ही बाजूंना दोन बटणं, आणि उन्हाळ्यासाठी डोक्यावर नुसती जाळी. जाळीची टोपी आणि त्यात दोन इअरफोन. माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक डिझाइन तेच, डोकं झाकायचं नाटकच नाही.

आणि यावर कडी म्हणजे आपला सरदार. १९४० मध्ये हिंदुस्थानातून २४ पायलट इंग्लंडला आले आरएएफकडून लढायला, त्यात महिंदर सिंग पुज्जी. हरिकेन चालवायचे. त्यांनी सांगितलं मी पगडी काढणार नाही, हेल्मेट घालणार नाही. मग काय केलं, तर इअरफोन धरून ठेवायला खास पट्टा करून घेतला आणि तो पगडीवरून बांधला. झालं काम! म्हणजे अख्ख्या हेल्मेटमधून जे लागतं तेवढंच घेतलं. कॉकपिटमध्ये एक जादा पगडी पण ठेवायचे. एकदा डोव्हरच्या कड्यांजवळ विमान कोसळलं, डोक्याला लागलं, आणि ते स्वतः नंतर सांगायचे की पगडीच्या घड्यांनी वाचवलं. २१० पाउंडांचं चामडं जे करू शकत नाही ते कापडाच्या घड्यांनी केलं. ग्रेव्हझेंडला त्यांचा पुतळा आहे, २०१४ मध्ये बसवलाय, टेम्सच्या काठी, डोक्याला अर्थात पगडी. आम्ही मुद्दाम बघून आलो, जवळ चहा पण बरा मिळतो.

हवामानाचं पण सांगते कारण यात मी स्वतः ठेच खाल्ली. चामडं थंडीसाठी आहे. पूर्वेकडे ब्रह्मदेशच्या आघाडीवर, जिथे आपली मंडळी उडत होती, आपले मुंबईचे हृषीकेश मुळगावकर, जे पुढे १९७६ ला हवाई दलाचे प्रमुख झाले, ते पण तिकडे होते, तिथल्या दमट हवेत चामड्याचं काय होणार. म्हणून आरएएफने गरम प्रदेशासाठी वेगळी हेल्मेटं काढली, डी टाइप खाकी सुती कापडाचं आणि नंतर ई टाइप जाळीदार सुती कापडाचं. कान मात्र तेच रबरी! मला हे वाचून माहीत होतं. तरी मी ते ४२ पाउंडवालं नकली हेल्मेट मागच्या वर्षी सुट्टीत चिपळूणला नेलं, भाच्याच्या गॅदरिंगला होईल म्हणून, आणि तिथेच ठेवून आले कपाटात. ऑगस्टमध्ये आईचा व्हिडिओ कॉल, "अगो तुझ्या त्या माकडटोपीला बुरशी आलीय, हिरवी. फेकून देऊ का?" कॅमेरा जवळ नेला तर त्या पांढऱ्या फरमधून खरंच शेवाळ उगवल्यासारखं दिसत होतं. मी म्हटलं उन्हात ठेव. आई म्हणाली ऊन आण आधी. तर आता ती टोपी पडवीत खुंटीवर असते आणि बाबा पहाटे पाणी सोडायला जाताना घालतात, डासांपासून कान वाचतात म्हणे. म्हणजे शेवटी तिचा उपयोग कानालाच झाला.

कुणाला घ्यायचंच असेल तर माझ्या अनुभवातून थोडं. नुसतं फोटोला, नाटकाला, गॅदरिंगला पाहिजे तर स्वस्त नकली घ्या, तीस-चाळीस पाउंडांत जे मिळतं त्यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका, आणि घालायच्या आधी आतून ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसून बघा, रंग उतरला तर खाली रुमाल बांधा. उघड्या विमानात किंवा उघड्या विंटेज गाडीत खरोखर वापरायचं तर हेडसेट बसेल अशी नवी हेल्मेटं मिळतात, महाग असतात पण पैसे तिथे घालवा. आणि जुनं असली घेणार असाल तर चामड्याकडे नंतर बघा, आधी कानाचं रबर दाबा. किंचित दबलं पाहिजे. दगडासारखं कडक असेल किंवा बोटाला चिकट लागलं तर ते गेलं, परत येत नाही. वायरचं कापडी आवरण वाकवू नका, आतलं रबर भुगा झालेलं असतं. शिक्का बघा, साइज बघा, दोन्ही कान एकाच जातीचे आहेत का बघा, बऱ्याचदा एक मूळचा आणि एक नंतर कुठून तरी आणून बसवलेला असतो. आणि घरी आणल्यावर त्याला तेल चोळू नका हो! माझ्या सासऱ्यांनी एरंडेलाची बाटली घेऊन तयारी केली होती, म्हणे कोल्हापुरीला लावतात तसं. कोल्हापुरी पायात घालायची आहे, हे जपायचं आहे. आत मऊ कागद भरायचा, आकार टिकतो, आणि अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवायचं, आणि घालायचं नाही. मी दोनदा घातलंय, पण तुम्ही घालू नका.

गुण द्यायचे तर नकलीला पाचपैकी दीड, त्यातला एक बाबांचा. असलीला साडेचार, अर्धा कापला तो डाव्या कानासाठी. कारण असं की एका शनिवारी मी न राहवून मल्टिमीटर लावून बघितला. डावा रिसीव्हर मेलेला, काहीच नाही. उजव्याला मात्र रीडिंग आलं. मग भिंतीवरच्या घड्याळातला पेन्सिल सेल काढला, हेल्मेट डोक्यावर चढवलं, आणि नवऱ्याला म्हटलं ही दोन टोकं सेलला हळूच लाव, नुसती टेकव. त्याने टेकवली. कानात 'टक्'. काढली, परत 'टक्'. बारीकच, पण अगदी स्वच्छ. मी म्हटलं परत कर. त्याने चार-पाचदा केलं आणि मग काहीतरी बोलला, पण ते मला ऐकूच आलं नाही, इतकं चांगलं सील अजून आहे. टोपी काढून विचारलं काय म्हणालास, तर म्हणाला, घड्याळात सेल परत घालू का, भात लावायचाय, किती वाजले कळत नाहीये.